ह्यांची विंचवाची गाडी

मैत्रिणींनो, घरातली कागदपत्रांची जुनी फाइल तुम्ही शेवटची कधी उघडली होतीत? तीच ती, विम्याच्या पावत्या, गॅसचं कार्ड, मुलांच्या गुणपत्रिका असलेली. हे गेल्यापासून मी ती उघडलीच नव्हती. गेल्या वर्षी उघडली, तेव्हा तिच्यात मला माझ्या नवऱ्याची एक चोरी सापडली. घाबरू नका, तसलं काही नाही! पण चोरी ती चोरीच. आणि ती सांगायची तर आधी गाडीचं सांगायला हवं.

आमचे हे २०१६ साली भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी काशीयात्रा करतं, कुणी लेकाच्या नावानं फ्लॅट बुक करतं. ह्यांनी गाडी घेतली. फियाटची अबार्थ पुंटो. पांढरीशुभ्र, दोन्ही अंगांना तांबडे पट्टे आणि तोंडावर चक्क विंचू! मी म्हटलं, "अहो, लोक गाडीत गणपती बसवतात, तुम्ही विंचू कुठून आणलात?"

तर म्हणे, कार्लो अबार्थ नावाचा एक माणूस होता. १९०८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मलेला, म्हणून रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची. १९४९ साली त्यानं इटलीत स्वतःची कंपनी काढली. साध्यासुध्या फियाट गाड्यांची इंजिनं सुधारायची आणि त्यांना शर्यतीत पळवायचं, ह्यात त्याचं नाव झालं. "पण आपली काही इटलीची नाही हं," हे घाईघाईनं म्हणाले, "ती रांजणगावच्या कारखान्यात झालीय. महागणपतीच्या गावची आहे ती!" आता अष्टविनायकातलं नाव निघाल्यावर मी काय बोलणार? माझं तोंड बंद.

खरं म्हणजे फियाट आमच्या घराला नवी नव्हती. मामंजींची प्रीमियर पद्मिनी होती. १९८६ साली मी तिच्यावरच गाडी चालवायला शिकले. गीअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, दारं जड आणि कात्रजचा घाट चढताना अशी धापा टाकायची की आपणच उतरून ढकलावं असं वाटे. तिचं इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद ४० अश्वशक्तीची. ह्या विंचवाचं इंजिन १३६८ सीसीचं, म्हणजे फार काही मोठं नाही, पण ताकद १४५ अश्वशक्तीची! मधल्या वर्षांत इंजिनं सगळ्याच अंगांनी सुधारली हे खरं, पण ह्या उडीतला मोठा वाटा टर्बोचा.

टर्बो म्हणजे काय, हे मला ह्यांनी पुष्कळदा समजावलं होतं आणि मी पुष्कळदा मान डोलावली होती. समजलं मात्र ह्यांच्या पश्चात, एका गॅरेजमधल्या स्टुलावर बसून. तुम्हालाही सांगते, काही अवघड नाही. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, तो एरवी वायाच जातो. टर्बोत त्या धुरानं एक छोटं चाक फिरवतात. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. चुलीला फुंकणीनं फुंकर घालावी ना, तसंच. फक्त ही फुंकणी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते! आपला मिक्सर अठरा-वीस हजार घेतो आणि त्यालाच आपण झाकण दाबून धरतो.

दाब फार वाढू नये म्हणून टर्बोला एक झडप असते. आपल्या कुकरच्या शिट्टीसारखीच. ठरलेल्या दाबाला पोचलं की धूर चाकाकडे न जाता बाजूनं निघून जातो. किती दाबाला ती उघडायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे सगळं गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो. कंपनीनं त्याला ती कोष्टकं पाठ करून दिलेली असतात. ती बदलून दाब वाढवता येतो आणि ताकदही. ह्याला मॅपिंग म्हणतात. म्हणजे कुकर तोच, शिट्टी जड लावायची!

२०२२ साली हे गेले. विंचू खाली पार्किंगमधे तसाच उभा राहिला. आमचे चिरंजीव बंगळूरला असतात. ते दर रविवारी फोनवर म्हणत, "आई, विकून टाक. तुला काय करायचीय ती?" सूनबाई समजूतदार, ती म्हणे, "एखादी ऑटोमॅटिक घ्या, आई." शेजारच्या वहिनी तर स्पष्टच म्हणाल्या, "ह्या वयात शोभतं का ते?" पण मी विकली नाही. मंडईत न्यायची, बँकेत न्यायची. जमिनीपासून ती इतकी खाली की आपल्या पुण्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला नमस्कार करत जावं लागे. तरी मी न्यायची. का, ते विचारू नका. त्या सीटवर बसलं की बरं वाटायचं, एवढंच.

मग गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी माझ्या बहिणीकडे साताऱ्याला निघाले. कात्रजचा जुना घाट चढताना चौथ्या गीअरमधे पाय दाबला, तर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी. काटा वर, वेग तोच! वर पोचेपर्यंत एक वासही यायला लागला, फोडणीचं तेल जास्त तापल्यावर येतो ना, तसा. आरशात पाहिलं तर मागे निळसर धूर. चाळीस वर्षं स्वैपाकघरात काढलेल्या बाईला तेल जळतंय हे कुणी सांगावं लागत नाही. गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच परत फिरले.

ज्या मेस्त्रीकडे गेले तो तिशीतला, पोरगेलासा. मला काकू म्हणाला, स्टूल दिलं, चहा मागवला. पट्टी काढून तेल पाहिलं तर खालच्या खुणेच्याही खाली. मग गाडीला त्यानं लॅपटॉप जोडला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काकू, काकांनी हिचं मॅपिंग करून घेतलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी ठामपणे म्हटलं, "शक्यच नाही. आमच्याकडे न सांगता पाव किलो साखरसुद्धा येत नव्हती."

तो काही बोलला नाही. आकडे दाखवले. हवेचा दाब कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच वर होता.

घरी आले आणि ती फाइल काढली. मैत्रिणींनो, चोर असावा तर असा! चोरी केली, पण पावती फाडून टाकवली नाही. "इतर" असं लिहिलेल्या कप्प्यात, पाण्याच्या टाकीच्या पावतीमागे, नीट घडी घालून ठेवलेली. तारीख २०१८ च्या ऑगस्टमधली. रक्कम अठ्ठावीस हजार. खाली त्या दुकानदारानं यंत्रावर मोजलेले दोन आकडे, आधीचा १४५ आणि नंतरचा १७४. आणि त्या १७४ ला ह्यांच्या पेन्सिलीनं केलेला छोटा गोल.

आधी मला रागच आला. अठ्ठावीस हजार! त्या वर्षी मी फ्रिज बदलायचा म्हणत होते तर "बघू पुढं" म्हणाले होते. आणि मग मला एक संध्याकाळ आठवली. त्याच वर्षीच्या जूनमधली. पानावर बसलेले असताना हे सहज म्हणाले होते, "अगं, गाडीची ताकद थोडी वाढवून घेता येते म्हणे. घेऊ का?" आणि मी काय म्हणाले असेन? मी हसले. "एकसष्टाव्या वर्षी कुणाशी शर्यत लावायचीय?" असं म्हणाले आणि वर ताक वाढलं. हेही हसले. परत तो विषय त्यांनी काढला नाही. दोन महिन्यांनी पावती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? बायका असं बोलतातच. बोलतात खऱ्या. पण अडतीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं स्वतःसाठी म्हणून किती गोष्टी मागितल्या, ते मी बोटांवर मोजायला बसले आणि एका हाताची बोटंही भरेनात.

दुसऱ्या दिवशी पावती घेऊन परत मेस्त्रीकडे गेले. त्याला म्हटलं, "मला आता सगळं नीट समजावून सांग. घाई नाही मला." आणि त्यानं सांगितलं ते मी तुमच्यासाठी लिहितेय, कारण ह्यात नुसती गाडी नाही.

तो म्हणाला, "काकू, ताकद वाढवली हे एक वेळ चालेल. पण वाढवलेली कुणाला सांगितली नाही, तिथं घात झाला." ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून तेल लवकर बदलावं लागतं आणि उत्तम प्रतीचं घालावं लागतं. ठिणगीचे प्लग लवकर तपासावे लागतात. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती थंड करायला पुढे जी जाळी असते, इंटरकूलर, ती स्वच्छ आणि जमल्यास मोठी लागते. पेट्रोल वरच्या ऑक्टेनचं लागतं. कमी ऑक्टेनचं मिश्रण दाबाखाली ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेटतं आणि इंजिनाला आतून हातोडे बसतात. आणि क्लच! कंपनीनं तो १४५ घोड्यांच्या हिशेबानं दिलेला. त्यावर एकोणतीस घोडे आणखी बांधले तर तो घसरणारच. घाटात इंजिन ओरडत होतं आणि गाडी हलत नव्हती, ती त्यामुळे.

हे होते तोवर ह्या गोष्टी स्वतः गुपचूप पाहत असणार. भारी तेलाचे डबे का येतात ते मला तेव्हा कळत नव्हतं! हे गेल्यावर गाडी मी दुसरीकडे सर्व्हिसिंगला देत होते. तिथल्या माणसांना ती साधी, कंपनीतून आली तशीच वाटली. त्यांनी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. त्यांचा काय दोष? कंपनीचाही नाही. ज्याची गरज वाढली होती, ते गप्प होतं.

आणि एक दोष माझाही निघाला. घाट चढून आलं की मी चहाला थांबायची आणि लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करायची. टर्बोची दांडी तेलाच्या पातळ पदरावर तरंगत फिरत असते. ती लाल तापलेली असताना इंजिन बंद केलं की तेलाचा पुरवठा थांबतो आणि आत राहिलेलं तेल करपतं. तव्यावर राहिलेल्या तेलाची चिकट काळी पुटं चढतात ना, तशीच. त्या पुटांनी दांडी सैल झाली, तेल निसटून हवेबरोबर इंजिनात जाऊन जळायला लागलं. तोच तो निळा धूर.

"आता तीन वाटा आहेत," मेस्त्री म्हणाला. पहिली, सगळं दुरुस्त करून संगणकात कंपनीची मूळ कोष्टकं परत घालायची. दुसरी, काकांचं मॅपिंग ठेवायचं आणि त्याला पेलेल असा क्लच, मोठा इंटरकूलर, चांगले ब्रेक बसवायचे. तिसरी म्हणजे टर्बोच मोठा बसवायचा. ही सांगताना त्याचे डोळे चमकले, पण पैसेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितले, आणि माझे डोळे पांढरे झाले! तिसरी वाट तिथंच संपली.

पहिली की दुसरी, ह्यात मात्र माझे आठ दिवस गेले. बुद्धी सांगत होती पहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली हे स्पष्ट केलं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर बाहेर आला तर भरपाईवर पाणी सोडायची पाळी येऊ शकते, हे मी पॉलिसी वाचून पाहिलं. आणि एक्सप्रेसवेवरसुद्धा मोटारीला मर्यादा ताशी शंभरची. १७४ घोडे घेऊन मी जाणार कुठं?

पण मन म्हणत होतं, ते आकडे पुसले की ह्यांची एक गंमत पुसली जाईल. त्या पेन्सिलीच्या गोलाकडे मी पुनःपुन्हा पाहत होते.

चिरंजीवांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता "विकून टाक" येणार. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, बाबांनी मला एकदा ताम्हिणीत नेलं होतं. 'आईला सांगू नकोस' म्हणाले होते." म्हणजे लेकही कटात सामील! आम्ही दोघं फोनवर आधी हसलो आणि मग दोघांनाही पुढं बोलता येईना.

मी पहिली वाट घेतली. पण मेस्त्रीला सांगितलं, ह्यांची कोष्टकं पुसू नकोस, उतरवून दे. ती एका पेन ड्राइव्हमधे, पावतीसोबत, "इतर" कप्प्यातच ठेवली आहेत. गाडी आता कंपनीच्या १४५ वर आहे. टर्बोचा गाभा नवा भरून घेतला, तेल येण्या-जाण्याच्या नळ्या बदलल्या, क्लच नवा टाकला. नाना पेठेत आणि इकडेतिकडे शोधून भाग जमवायला सहा आठवडे लागले, कारण आता ही गाडी बनत नाही. जे सुधारायचं ते मी पेलण्याच्या बाजूनं सुधारून घेतलं. चार चाकांना उत्तम टायर, ब्रेकना चांगले पॅड. पेट्रोलमधे आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या हिशेबानं केलेल्या नसतात, म्हणून त्याही तपासून चार बदलल्या. एकूण एक लाख बारा हजार झाले. माझ्या स्वतःच्या मुदत ठेवीतून दिले आणि पावती चिरंजीवांना पाठवली. आमच्या घरात चोरीची परंपरा आता बंद!

तुमच्याही घरी टर्बोची गाडी असेल. आताशा साध्या गाड्यांनाही तो असतो. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना पट्टीवर तेल पाहा आणि दुधाच्या हिशेबासारखं वहीत मांडा. तेल कमी झालं तर नुसतं ओतू नका. गेलं कुठं ते विचारा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरतंय. सुरू केल्या केल्या पाय दाबू नका. तेल गरम व्हायला वेळ द्या. घाट चढून किंवा वेगात आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा. आणि जुनी गाडी विकत घेत असाल तर आधी विचारा, हिच्या संगणकात कुणी काही बदललं आहे का? सांगायला लाज वाटते म्हणून लोक सांगत नाहीत आणि भोगायला मागचा मालक लागतो.

हे झालं गाडीचं. दुसरं सांगू का? घरात कुणी वयाला न शोभणारं काही मागितलं, तर लगेच हसू नका. ताक नंतर वाढा. आधी विचारा, "का हवंय?" कदाचित तरीही नाहीच म्हणावं लागेल, पैसे नसतील, धोका असेल. पण उघडपणे नाही म्हटलेलं माणसाला सोसतं. हसण्यावारी नेलेलं मात्र "इतर" कप्प्यात जाऊन बसतं आणि मग त्याची निगा कुणीच राखत नाही.

मागच्या संकष्टीला मी एकटीच गाडी घेऊन रांजणगावला जाऊन आले. नगर रस्त्यावर एका ट्रकला मागे टाकताना पाय जरासा दाबला. ती अशी सुटली म्हणून सांगू! तेवढ्यापुरती मला ह्यांच्या पेन्सिलीचा तो गोल कळला. देवळापाशी गाडी लावली आणि किल्ली फिरवण्याआधी मिनिटभर थांबले. बाहेरचा फुलवाला म्हणाला, "आजी, बंद करा की, पोचलात!"

म्हटलं, "थांब रे बाबा, जरा श्वास घेऊ दे तिला."